फळी शाबूत आहे

तीर्थस्वरूप सौ. ताई यांना,

साष्टांग घालणार होतो, पण हल्ली खाली वाकलो की वर यायला कुणाचा तरी हात लागतो, आणि घरात सध्या हातांचीच टंचाई आहे. म्हणून खुर्चीत बसूनच मनापासून नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे? साडूभाऊंचा खोकला थांबला का? (ते सकाळी चालायला जातात आणि येताना बसने येतात, असं कळलं. त्यांना म्हणावं, निम्मं चालणंही चालणंच.) इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे दोघांचे मिळून तीन हात चालू आहेत. चौथ्याचं हिने तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. प्लास्टर निघायला अजून बारा दिवस आहेत. बोटं हलतात, सूज नाही, नखांचा रंग बदललेला नाही, ठणका लागत नाही. (हे चारही प्रश्न तुम्ही विचारणार हे धरून उत्तरं आधीच दिली. मेहुणी तीस वर्षं इस्पितळात मेट्रन होती म्हटल्यावर माणसाला एवढी शिस्त लागतेच.)

पण मनगटाच्या आधी मला कपाटांचं सांगायला हवं. फोनवर ते जमत नाही, कारण मी फोनवर बोलायला लागलो की ही शेजारी येऊन बसते आणि माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवते. होकारार्थी की नकारार्थी, ते मात्र कळत नाही.

तीन महिन्यांपूर्वी मी निवृत्त झालो. नकाशा शाखेत चौतीस वर्षं पूल, पाण्याच्या टाक्या आणि गटारं काढली (कागदावर, पाणी कुठून कसं गेलं याची जबाबदारी दुसऱ्या शाखेची). निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी हिने मला शेगडी दाखवली, मीठ दाखवलं, ‘दुपारचं तुमचं तुम्ही बघा, मला गणवेशांची घाई आहे,’ म्हणाली आणि दुकानात निघून गेली. तिचं शिवणाचं दुकान चौकापलीकडेच आहे, पण जून जवळ आला की ते परदेशात असल्यासारखं होतं. मी कांदा कापला, तेल तापवलं, आणि मग उलथणं शोधायला लागलो. पहिल्या खणात चमचे. तिसऱ्या खणात डाव. या दोन्हींच्या मधल्या खणात सुतळी, मेणबत्त्या, एक कुलूप, त्याची नसलेली किल्ली आणि आमच्या लेकीचं शाळेतलं ओळखपत्र. उलथणं सापडलं ते कुकरच्या पोटात. तोवर तेलाने पेट घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. मीठ तर शेगडीपासून सव्वाचार पावलांवर होतं. (मोजलं. सवय.)

हे स्वयंपाकघर तुम्हाला माहीत आहे. मागे तुम्ही आलात तेव्हा गाळणी काढताना तुमच्या अंगावर झाकणं कोसळली होती आणि तुम्ही म्हणाला होतात, ‘हे माझ्या वॉर्डात चाललं नसतं.’ ते वाक्य माझ्या मनात घर करून बसलं. (दोष देत नाही. फक्त नोंदवून ठेवतो.) रोजचा स्वयंपाक सोपा व्हावा, वस्तू हाताशी असाव्यात, एक काढताना चार पडू नयेत, एवढंच मला हवं होतं. शिवाय घरात दिवसभर एक उंच माणूस नुसता उभा असतो, त्याला काहीतरी काम असावं, असंही होतं. पण ते मी कुणाला बोललो नाही.

मग एका सकाळी सगळी कपाटं रिकामी केली. वाटलं होतं, दुपारपर्यंत आटपेल. तीन दिवस लागले. ताई, माणूस घरातून बाहेर पडला तरी चालेल, पण कपाटातली वस्तू बाहेर पडू नये. ती परत त्याच जागेत मावत नाही. पातेली निघाली सव्वीस. झाकणं एकेचाळीस. त्यातली अकरा झाकणं कुठल्याच पातेल्याला बसेनात आणि सात पातेल्यांना कुठलंच झाकण बसेना. (हिशेब तीनदा करून पाहिला. तिसऱ्यांदा झाकणं बेचाळीस भरली, तेव्हा सोडून दिलं.) गाळण्या पाच. आणि एक यंत्र, त्याला दांडा, दांड्याला काटेरी चक्र. संध्याकाळी ही आली, दारात चपला काढल्या आणि पुढचं पाऊल कुठे टाकावं ते बघत उभी राहिली. मी ते यंत्र वर धरून विचारलं, हे काय आहे?

‘काहीतरी किसतं बहुतेक. राहू दे, लागतं.’

‘कधी लागलं?’

‘अजून नाही लागलं.’

तीन दिवस आम्ही पलंगावर बसून जेवलो, कारण जेवणाच्या टेबलावर बरण्या होत्या. झोपायच्या वेळी त्या टेबलावरून उचलून खाली ठेवायच्या आणि सकाळी खालून उचलून टेबलावर, कारण खाली चालायला जागा लागते. हिने एका शब्दाने तक्रार केली नाही. फक्त तिसऱ्या दिवशी दुकानात जाताना म्हणाली की आज तिथेच राहिले तर चालेल का, तिथे कापडाच्या गठ्ठ्यांवर तरी नीट पडता येतं.

दरम्यान मी स्वयंपाकघराचा नकाशा काढला. चारही भिंती, ओटा, खिडकी, शेगडी, सगळं मापात. तत्त्व साधं होतं. शेगडीसमोर उभं राहून पाय न हलवता हाताला लागेल ते रोजचं. एक पाऊल टाकावं लागेल ते आठवड्याचं. वाकावं लागेल ते पाहुण्यांचं. मी शेगडीसमोर उभा राहिलो, हात लांब केला, आणि हिला संध्याकाळी भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा दाखवल्या. जुन्या फळ्या माझ्या पोटाशी येत होत्या, त्यामुळे मीठ घ्यायलासुद्धा वाकून आत डोकावावं लागे. त्या सव्वा फूट वर घ्यायच्या ठरल्या. सुताराला बोलावलं. हा सुतार फार थोडं बोलतो. तोंडात सतत खिळे असतात म्हणून असेल. त्याने खुणा बघितल्या, माझ्याकडे बघितलं, तोंडातले खिळे हातात काढले आणि विचारलं, ‘बाईंचा हात पोचेल?’

मी म्हणालो, बाई दिवसभर दुकानात असतात. स्वयंपाक मी करतो.

त्याने खिळे परत तोंडात घातले.

ताई, मी या घरातली प्रत्येक गोष्ट मोजली होती. बरण्यांची उंची, झाकणांचा व्यास, तव्याच्या दांड्याची लांबी. दारामागच्या झाडूलासुद्धा मोजून खुंटी मारली. तुमची धाकटी बहीण चार फूट दहा इंच आहे आणि मी सहा फुटांना अर्धा इंच कमी, हे मला एकतीस वर्षं माहीत आहे. लग्नाच्या फोटोत तिला पाटावर उभं केलं होतं, तो पाट तुम्हीच तर आणला होता. पण ते माप नकाशात आलं नाही.

काम मात्र झकास झालं. प्रत्येक बरणीवर मी माझ्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली. तांदूळ, डाळ, मीठ, साखर, चहा, सगळं माझ्या डोळ्यांसमोर ओळीने. हिला हाताला धरून दाखवलं. ती मान वर करून बघत होती (तेव्हा मला ते कौतुक वाटलं) आणि म्हणाली, ‘छान झालंय.’ मग बाहेरच्या खोलीत गेल्यावर पुन्हा म्हणाली, ‘छान झालंय हो.’ एखादी गोष्ट ती दोनदा छान म्हणाली की थांबून विचारायला हवं, हे मला माहीत असायला हवं होतं. पडद्याचं गिऱ्हाईक भलतंच कापड घेऊन आलं की त्यालाही ती दोनदाच छान म्हणते.

मी खूश होतो, हे कबूल करतो. दुपारचा माझा स्वयंपाक पाऊण तासात होऊ लागला. मीठ शून्य पावलांवर. उलथणं खुंटीला. आठ दिवसांत एकदाही काही जळलं नाही. मी लेकीला फोन करून तासभर सांगितलं आणि तिने मध्येच दुसरा फोन आल्याचं कारण दिलं.

एक बारीकसा त्रास मात्र सुरू झाला होता. आमचं लाकडी स्टूल, ज्याची जागा नकाशात गॅलरीत होती, ते रोज स्वयंपाकघरात दिसायचं. मी दुपारी ते उचलून गॅलरीत ठेवायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओट्याखाली. पुन्हा गॅलरीत. असं तीन आठवडे चाललं. मनात म्हणायचो, काय या बाईला जागच्या जागी ठेवायची सवयच नाही! एकदा बोलूनही दाखवलं. ती ‘विसरते हो’ म्हणाली. शेवटी कायमचा बंदोबस्त म्हणून मी स्टुलावर एक भली मोठी कुंडी ठेवून दिली. झाड सुंदर दिसत होतं, आणि आता ते स्टूल कुठे जाणार नव्हतं.

सकाळचा चहा हीच करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. सहाला उठते, पहिला कप एकटीच खिडकीशी उभी राहून पिते. ती अर्धी घटका तिची. तेव्हा मीही आत जात नाही. (एकदा गेलो होतो. ‘काही हवंय का?’ असं तिने अशा सुरात विचारलं की जे हवं होतं ते विसरूनच गेलो.) तर कुंडी ठेवल्याच्या दुसऱ्याच सकाळी मी अंथरुणात होतो आणि आतून मोठा आवाज आला. धातूचा, मग काचेचा, मग काहीच नाही. आणि ताई, तुमच्यापासून लपवून काय करू, मी पडल्या पडल्या ओरडून पहिला प्रश्न काय विचारला असेल?

‘फळी पडली का?’

आतून अगदी शांत आवाज आला, ‘फळी शाबूत आहे.’

मी धावलो. ती ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. शेजारी पालथी बादली, फुटलेली बरणी, आणि तिच्या केसांत, मांडीवर, सगळीकडे चहाची पूड. डावं मनगट उजव्या हातात धरलं होतं आणि ते कुठल्याही मनगटाने वळावं तसं वळलेलं नव्हतं. मी बादलीकडे बघितलं, मान वर करून फळीकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती म्हणाली, ‘आता उभे काय राहिलात, काच आहे, चपला घाला.’

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडलं. त्याआधीच ही म्हणाली, ‘बाथरूममध्ये घसरले.’ मी तिच्याकडे बघितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. नर्सने आमच्या दोघांकडे बघितलं आणि मग तिच्या केसांतल्या चहाच्या पुडीकडे. तुम्ही या व्यवसायातल्या, तेव्हा पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नकोच. नर्सने मला गोडीने बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. मी बाकावर बसून राहिलो. एकतीस वर्षांत मी या बाईवर आवाज चढवलेला नाही (चढवला तरी तो तिच्या डोक्यावरून जातो), आणि आता त्या दाराआड मी घरी कसा वागतो याची चौकशी चालली होती. सगळ्यात वाईट म्हणजे मला राग येत नव्हता. विचारू देत, असंच वाटत होतं. एवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला. आधी नर्सचा, मग हिचा, हसता हसता कळवळल्याचाही. नर्स बाहेर आली, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, ‘उंच आहात हो बऱ्यापैकी.’

येताना टॅक्सीत मी हिला विचारलं, खोटं का सांगितलंस? ती खिडकीतून बाहेर बघतच म्हणाली, ‘एकतीस वर्षं मी त्या स्वयंपाकघरात उभी आहे. तुम्ही पाणी प्यायला यायचात आणि जायचात. या वेळी पहिल्यांदा तुम्ही तिथे उभं राहून, काय कुठे आहे ते नीट बघितलंत. इतक्या हौसेने केलंत. मग काय सांगू, उंच झालं म्हणून?’

‘सांगायचं ना!’

‘सांगणार होते. स्टूल सापडेना.’

आणि ती हसली. मला हसू आलं नाही. अजून पूर्ण आलेलं नाही.

चौथ्या दिवशी सुताराला परत बोलावलं. तो आला, फळ्या बघितल्या, हिचा हात बघितला. ‘विचारलं होतं मी,’ एवढंच म्हणाला. या वेळी हिला शेगडीसमोर उभं केलं आणि माप घ्यायला टेप काढली, तर ही लाजली. दिवसभर लोकांची मापं घेणारी बाई, पण तिचं माप कुणी घेतलं की अंग चोरते. टाचा न उचलता उजवा हात वर केला तर पाच फूट आठ इंच. ओट्यावरून पुढे वाकावं लागतं, त्याचे वीस इंच वजा. तिथे खूण केली. ती खूण माझ्या छातीच्याही खाली आली.

मग ती खुर्चीवर बसली, हात गळ्यात, आणि मी एकेक वस्तू उचलून विचारत गेलो, कुठे? तेव्हा कळलं ताई, की आधीच्या त्या गोंधळालाही तिचा एक क्रम होता. मीठ सव्वाचार पावलांवर होतं, कारण मीठ ती शेवटी घालते आणि तेवढ्यात खिडकी उघडून वाफ बाहेर सोडते. उलथणं कुकरच्या पोटात, कारण सकाळी कुकर पहिला निघतो. मधल्या खणातलं कुलूप का ते तिलाही सांगता आलं नाही. काही तिचं ठेवलं, काही माझं. उलथण्याची खुंटी तिने मान्य केली. चिठ्ठ्या राहिल्या, कारण अक्षर चांगलं आहे म्हणाली. चहाच्या बाबतीत मात्र मी काही विचारलं नाही. जिथे तिचा हात आपोआप जाईल तिथे ठेवला. न जुळणाऱ्या अकरा झाकणांपैकी नऊ काढून टाकायला ती तयार झाली, दोन लागतात.

आता रोजचं सगळं खाली आहे आणि मी दिवसातून चाळीस वेळा वाकतो. पाठ बोलते. तीन दिवसांपूर्वी कपाटाच्या कडेला कपाळ आपटलं. हिने पलीकडून विचारलं, ‘कपाट ठीक आहे ना?’ दुकानात ती रोज तासभर जाते, एका हाताने कुठे काय शिवायचं ते दाखवते आणि थकून येते. तिच्या हाताखालच्या बाईने निम्मे गणवेश पुरे केले आहेत. बाकीच्या मुलांनी काही दिवस जुनेच घालावेत, असं शाळेने कळवलं आहे.

पत्र फार लांबलं. साडूभाऊंना सांगा, मी त्यांची आठवण काढतो, विशेषतः वाकताना (निम्मं वाकणंही वाकणंच). आपण स्वतःची काळजी घ्यावी, आणि आपल्या स्वयंपाकघरात कुणालाही हात लावू देऊ नये.

आपला नम्र,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. – आता खरं कारण लिहितो. हिने सगळ्यांना बाथरूमच सांगितलं आहे. लेकीला, शेजाऱ्यांना, गिऱ्हाइकांना आणि तुम्हालाही. परिणाम असा की गेला महिनाभर जो येतो तो माझं कौतुक करतो. किती करता हो तुम्ही बायकोचं! स्वयंपाक करता, तिची वेणी घालता, असा नवरा मिळायला भाग्य लागतं! परवा वरच्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांच्या नवऱ्याला मुद्दाम माझं उदाहरण दाखवायला आणलं. ही बाजूला बसून मान हलवते. ताई, मला हे सहन होत नाही. खरं सांगावं तर हिचा शब्द खोटा पडतो. म्हणून तुम्हाला एकट्यांना लिहिलं. कृपा करून मला रागवा. चांगलं दोन पानं. वॉर्डात एखाद्याने चुकीची गोळी दिली तर जसं बोलत असाल तसं. पत्र सुताराच्या पत्त्यावर पाठवा, तो कुणाला काही सांगणार नाही. आणि हिला यातलं अक्षरही कळू देऊ नका.

ता. क. २ – पाकीट शोधत होतो तेवढ्यात हिने पत्र वाचलं. सगळं वाचलं, वरचा ता. क.सुद्धा. ती म्हणते, ताईला खोटं सांगायची माझी काय हिंमत? ताईला मी पहिल्याच दिवशी इस्पितळातून सगळं सांगितलं, बादलीसकट. आणि ताईने अर्धा तास रागवून घेतलं, या वयात बादलीवर चढलीस म्हणून. म्हणजे गेल्या रविवारी तुम्ही मला फोनवर बाथरूमची फरशी कसली आहे, कोणत्या साबणाने धुता, पायपुसणं कुठे ठेवता, असं जे वीस मिनिटं विचारत होतात, आणि मी जी घाम पुसत उत्तरं देत होतो, ते सगळं माहीत असून?

ता. क. ३ – असो. पण तो अर्ध्या तासाचा राग माझ्या वाट्याचा होता, तो हिने परस्पर घेतला. तेव्हा विनंती कायम आहे. पत्र आता घरच्याच पत्त्यावर पाठवा. ही म्हणते, मोठ्याने तीच वाचून दाखवील.